मराठी उद्योजककथेतील भांडवलाचा प्रसंग : औदार्य आणि करार

प्रास्ताविक

मराठीत उद्योजकांची चरित्रे, आत्मचरित्रे आणि त्यांच्या आधारे लिहिलेल्या यशोगाथा विपुल आहेत. महाविद्यालयीन ग्रंथालयांत या पुस्तकांना मागणीही चांगली असते. तथापि या वाङ्मयाकडे ‘प्रेरणादायी’ या एका विशेषणापलीकडे पाहण्याचा प्रयत्न आपल्या समीक्षेने क्वचितच केला आहे. प्रस्तुत लेखात या कथांमधील एकाच प्रसंगाचा विचार करावयाचा आहे. उद्योजकाजवळ कल्पना आहे, पैसा नाही, आणि तो पैसा ज्याच्याजवळ आहे त्याच्यासमोर जाऊन बसतो, हा तो प्रसंग होय. आपल्या कथनपरंपरेत हा प्रसंग जवळजवळ नेहमीच औदार्याचा प्रसंग म्हणून सांगितला जातो. कराराचा प्रसंग म्हणून तो सांगितला जात नाही. परिणामी भांडवल मिळाले हे वाचकाला कळते. ते कोणत्या किमतीला मिळाले, हे मात्र कळत नाही.

हा विषय हाती घेण्यास एक निमित्त घडले. गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाचा एक माजी विद्यार्थी काही कागद घेऊन विभागात आला. पनवेल परिसरातील एका गावचा हा तरुण. मासळी टिकवून शहरात घरपोच पोहोचविण्याचा व्यवसाय त्याने दोन मित्रांसह उभा केला आहे. एका गुंतवणूकदाराने त्याला १ कोटी रुपये देऊ केले होते आणि सोबत अटींचा मसुदा, म्हणजे ‘टर्मशीट’, दिली होती. विद्यार्थीदशेत ग्रंथालयातील सर्व उद्योजकचरित्रे त्याने वाचलेली होती. त्यांपैकी काही मीच त्याला सुचविली होती. त्याने एका कलमावर बोट ठेवले आणि विचारले, “सर, यात माझे काय जाते?” मला उत्तर देता आले नाही. मराठीच्या अध्यापकाला ते येऊ नये हे क्षम्य आहे. परंतु मी सुचविलेल्या त्या सर्व पुस्तकांतही त्याचे उत्तर नव्हते, ही गोष्ट मनाला लागून राहिली.

औंधचा माळ

या कथनपरंपरेतील आद्य प्रसंग किर्लोस्करवाडीचा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर बनविण्यास सुरुवात केली. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे नांगर बराच काळ विकले गेले नाहीत. त्यातच नगरपालिकेमुळे कारखान्याची जागा सोडावी लागली. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळील माळ त्यांना दिला, आर्थिक साहाय्यही केले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. शं. वा. किर्लोस्कर यांच्या ‘यांत्रिकाची यात्रा’ या चरित्रापासून शालेय पाठांपर्यंत ही हकिकत महाराष्ट्राला परिचित आहे.

या हकिकतीतील बाळासाहेबांचे मोठेपण नि:संशय खरे आहे. प्रश्न आहे तो कथनाच्या प्रकाशयोजनेचा. सारा उजेड दात्याच्या मनावर आणि घेणाऱ्याच्या सचोटीवर पडतो. संस्थानाला त्या माळावर कारखाना हवा होता, रेल्वेच्या कडेला वस्ती हवी होती, प्रजेला काम हवे होते. म्हणजे राजालाही या व्यवहारात काही मिळवायचे होते, ही बाजू सावलीत राहते. राजाचा हेतू आणि कारागिराची गरज यांची सांगड बसली, म्हणून तो व्यवहार टिकला. त्याला नुसती कृपा म्हटल्याने राजाचे मोठेपण वाढत नाही. लक्ष्मणरावांचे कौशल्य मात्र झाकले जाते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. औंधच्या पैशाला मुदत नव्हती, निदान आजच्या अर्थाने नव्हती. आज साहस भांडवल, म्हणजे व्यवहारात ज्याला सर्वजण व्हेंचर कॅपिटल म्हणतात, ते देणारा फंड स्वत:च दुसऱ्याचे पैसे घेऊन उभा असतो आणि साधारण ८ ते १० वर्षांत ते त्याला परत करावयाचे असतात. त्यामुळे गुंतवणूकदार कंपनीत येतो त्याच दिवशी त्याच्या बाहेर पडण्याचा विचार सुरू झालेला असतो. कंपनी विकणे, शेअर बाजारात नेणे किंवा आपला हिस्सा दुसऱ्या फंडास देणे, एवढेच मार्ग त्याच्यापुढे असतात. लोखंडी नांगर शेतकऱ्याने स्वीकारेपर्यंत वाट पाहण्याची सवड अशा पैशाला असतेच असे नाही. औंधची कथा वाचून गुंतवणूकदाराकडे जाणारा तरुण राजाच्या शोधात निघालेला असतो, आणि त्याची गाठ घड्याळ लावून बसलेल्या माणसाशी पडते.

किर्लोस्करांच्या कथेचा पुढील टप्पा म्हणूनच अभ्यासनीय आहे. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली, म्हणजे अनेकांचे भागभांडवल आले. त्या काळी भारतीय कंपन्यांत मॅनेजिंग एजन्सीची पद्धत रूढ होती. प्रवर्तक घराणे थोड्या भागांवरही, कंपनीशी केलेल्या दीर्घ मुदतीच्या करारामुळे, कारभार आपल्या हाती ठेवू शकत असे. १९७० मध्ये ही पद्धत कायद्याने बंद झाली. पैसा कोणाचा आणि ताबा कोणाचा या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी असू शकतात, हे आपल्या उद्योजकांना शंभर वर्षांपूर्वी पक्के ठाऊक होते. आपल्या लोकप्रिय चरित्रलेखनाने मात्र हे ज्ञान फारसे पुढे पोहोचविले नाही.

वालचंदांची बैठक

या परंपरेत एक मोठा अपवाद वालचंद हिराचंद यांच्या कथेचा आहे. गं. दे. खानोलकर यांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्राच्या शीर्षकात व्यक्ती, काळ आणि कर्तृत्व असे तीन शब्द आहेत. चौथा ‘व्यवहार’ हा शब्द तेथे नाही, परंतु वालचंदांच्या आयुष्यातून तो वगळणे अशक्यच होते. ग्वाल्हेरच्या महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विकत घेऊन १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास असे भागीदार होते आणि साडेचार कोटी रुपयांच्या भांडवलाची योजना होती. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. येथपर्यंतची कथा अभिमानाची आहे, आणि बहुतेक यशोगाथा येथेच थांबतात.

खरी कथा त्यानंतरची आहे. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश कंपनीने भाडेदर पाडून सिंदियाला जेरीस आणले, कंपनी विकत घेण्याची तयारी दाखविली, आणि अखेर १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. त्यात सिंदियाच्या जहाजांच्या एकूण टनभारावर मर्यादा आली. कंपनी जिवंत राहिली, पण तिची वाढ बांधली गेली. हा पराभव की विजय, याचे सरळ उत्तर देता येत नाही. आणि म्हणूनच हा प्रसंग प्रेरणादायी व्याख्यानात सहसा येत नाही. एका बैठकीत माणूस काय राखतो आणि त्यासाठी काय सोडतो, हे यात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

हिंदुस्थान एअरक्राफ्टची हकिकत त्याहून बोलकी आहे. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीने बंगळूर येथे वालचंदांनी ही कंपनी स्थापन केली. मार्च १९४१ मध्ये भारत सरकार भागधारक झाले, आणि १९४२ मध्ये युद्धाच्या रेट्यात सरकारने वालचंदांचा हिस्सा घेऊन त्यांना मोकळे केले. स्थापनेपासून दोन वर्षांच्या आत संस्थापक बाहेर! आजच्या भाषेत सांगावयाचे तर सर्वांत बलाढ्य गुंतवणूकदार हाच सर्वांत मोठा ग्राहकही होता, आणि अशा वेळी संस्थापकाच्या हाती वाटाघाटीचे बळ उरत नाही. ‘द्रष्टे वालचंद’ या प्रतिमेपुढे हा साधा धडा आपण पाहतच नाही.

घासाघीस नावाचा शब्द

येथे भाषेचा थोडा विचार आवश्यक आहे. मराठीत पैसा मागण्याची क्रियापदे पाहावीत. ‘शब्द टाकणे’, ‘हात पसरणे’, ‘पदर पसरणे’ यांत मागणारा खाली आहे. देणाऱ्यासाठी ‘मन मोठे करणे’, ‘पाठीशी उभे राहणे’ असे प्रयोग आहेत. त्यांत तो वर आहे. दोघे समोरासमोर, एका पातळीवर बसल्याची क्रिया दाखविणारा रोजच्या बोलण्यातला शब्द कोणता? ‘वाटाघाट’ हा शब्द वर्तमानपत्रात आणि राजकारणात गेला. उरला ‘घासाघीस’, आणि तो तर भाजीवाल्याशी करावयाचा, काहीसा क्षुद्र मानलेला उद्योग. उपकार करणाऱ्याशी घासाघीस करणे असभ्यपणाचे असते, हा संस्कार घेऊन आपला सुशिक्षित तरुण गुंतवणूकदारासमोर बसतो.

या संस्काराला उदात्त बाजू आहे हे नाकारता येणार नाही. एकेक पैसा गोळा करून अंताजी दामोदर काळे यांनी चालविलेला आणि लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलेला पैसाफंड, त्यातून १९०८ मध्ये तळेगावी उभा राहिलेला काच कारखाना, पुढे प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना आणि ‘एक सभासद, एक मत’ हे सहकाराचे तत्त्व, ही भांडवल उभारणीची आपली परंपरा आहे आणि ती अभिमानास्पद आहे. परंतु तीत पैसा देणारा नफ्याच्या अनेक पटींची अपेक्षा ठेवून आलेला नव्हता. १९८८ मध्ये टीडीआयसीआय या संस्थेपासून भारतात संघटित साहस भांडवल सुरू झाले आणि १९९६ मध्ये सेबीने त्यासाठी नियम केले. या नव्या व्यवस्थेला आपण जुनीच, देणगीची भाषा लावली.

दूरदर्शनवरील करुणरस

या भाषेचा ताजा आणि सर्वांत लोकप्रिय आविष्कार पुस्तकात नसून दूरचित्रवाणीवर आहे. ‘शार्क टँक इंडिया’ या कार्यक्रमाच्या पहिल्या पर्वात, जानेवारी २०२२ मध्ये, मालेगाव परिसरातील कमलेश घुमरे हे शेतकरी कुटुंबातील तरुण आपल्या भावासह आले. ‘जुगाडू कमलेश’ या नावाने ते पुढे देशभर ओळखले गेले. पाठीवर औषधाचा पंप वाहणाऱ्या शेतकऱ्याचे ओझे कमी करणारे, सायकलच्या धर्तीवरचे यंत्र त्यांनी बनविले होते. त्यांची मागणी १० टक्के हिश्शासाठी ३० लाख रुपयांची होती. पीयूष बन्सल यांनी ४० टक्के हिश्शासाठी १० लाख रुपये आणि शिवाय २० लाख रुपये बिनव्याजी कर्ज देऊ केले. व्यवहार ठरला. महाराष्ट्रातील असंख्य घरांत त्या दिवशी डोळे पाणावले. प्रस्तुत लेखकाचे घर त्याला अपवाद नव्हते.

डोळे पुसून हिशेब करू. मागणीप्रमाणे कंपनीचे मूल्य ३ कोटी रुपये होत होते. ठरलेल्या व्यवहारात ४० टक्क्यांना १० लाख, म्हणजे मूल्य २५ लाख झाले. मागितलेल्याच्या बाराव्या हिश्शाएवढे. बिनव्याजी कर्जाचा लाभ त्यात धरलाच पाहिजे. १२ टक्के व्याज गृहीत धरल्यास २० लाखांवर वर्षाला २ लाख ४० हजार रुपये वाचतात. परंतु ते कर्ज आहे, म्हणजे मुद्दल फेडावयाचे आहे. पुढील दोन फेऱ्यांत नव्या गुंतवणूकदारांनी प्रत्येकी २० टक्के घेतले असे धरले, तर संस्थापकाचे ६० टक्के प्रथम ४८ होतात आणि मग ३८.४.

यावरून तो व्यवहार वाईट होता असे म्हणावयाचे नाही. इतर परीक्षकांनी पैसे लावले नव्हते. यंत्राचे आरेखन सुधारावयाचे होते, उत्पादन उभारावयाचे होते, आणि त्यासाठी जाणत्या माणसाचा वेळ हीही गुंतवणूकच असते. माझ्या मते त्या दिवशी त्या मेजावर त्याहून बरा व्यवहार उपलब्ध नसावा. आक्षेप आहे तो मांडणीवर. संगीत, अश्रू, आलिंगन यांच्या योजनेमुळे ४० हा आकडा ऐकूच येत नाही. वाटाघाटीचा प्रसंग करुणरसात बुडतो आणि गुंतवणूकदार औंधच्या गादीवर जाऊन बसतो. शिवाय अशा कार्यक्रमांत हस्तांदोलनानंतर कागदपत्रांची तपासणी होते आणि मगच व्यवहार पूर्ण होतो किंवा मोडतो. नाट्यदृष्ट्या निरुपयोगी म्हणून तो भाग वगळला जातो, आणि संस्थापकाची कसोटी नेमकी तेथेच असते.

याच्या उलट टोकाला पुण्याच्या ‘क्विक हील’ची कथा ठेवता येईल. रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, धाकटे बंधू संजय यांनी संगणकातील व्हायरस काढण्याची प्रणाली लिहिली, आणि १९९५ च्या सुमारास उद्योगाने आकार घेतला. बाहेरचे साहस भांडवल आले ते २०१० मध्ये, सिकोया कॅपिटलकडून ६० कोटी रुपये. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीने ३२१ रुपये भावाने शेअर विकले. त्यात सिकोयाने आपल्याकडील काही भागही विकला. पहिल्याच दिवशी बाजारभाव त्याखाली गेला, हेही नोंदविले पाहिजे.

ही कथा ‘दुरुस्तीच्या दुकानातून कंपनीपर्यंत’ अशी सांगितली जाते आणि २०१० च्या व्यवहाराला त्यात एखादे वाक्य मिळते. वस्तुत: सर्वांत शिकण्याजोगे तेच आहे. सुमारे पंधरा वर्षे कंपनी ग्राहकांच्या पैशावर चालली होती. पैसा नाही मिळाला तरी उद्या दुकान उघडणार आहे, हे ज्या संस्थापकाला ठाऊक असते त्याला ‘नाही’ म्हणता येते. ज्याच्या खात्यात दोन महिन्यांचा पगार उरला आहे त्याला ते म्हणता येत नाही, मग त्याची कल्पना कितीही तेजस्वी असो. वाटाघाटीचे बळ वक्तृत्वात नसून या एका गोष्टीत असते, आणि चरित्रकार वक्तृत्वाचे वर्णन करतात.

साडेबारा आणि पावणेनऊ

आता पुन्हा पनवेलकडे यावयाचे. १८७२ पासून ‘श्री धूतपापेश्वर’सारखा औषधी उद्योग पाहिलेल्या या गावाला व्यापार नवा नाही. पण हिश्शाच्या वाटाघाटीचा येथील मोठा धडा जमिनीने दिला. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, आणि मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई व दास्तान फाटा येथील गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. रकमेचा भाव वाढवून मागणे वेगळे आणि उभ्या राहणाऱ्या शहरात हिस्सा मागणे वेगळे. हा फरक येथील शेतकऱ्याने कोणत्याही व्यवस्थापन संस्थेत न जाता ओळखला होता.

त्याने बारीक अक्षरही अनुभवले. साडेबारा टक्क्यांतून सामाजिक सुविधांसाठी ३० टक्के कपात होते आणि हाती पावणेनऊ टक्के येतात. भूखंड प्रत्यक्ष मिळण्यास वर्षे लागली. तोवर घरात लग्ने होती, आजार होते. अनेकांनी भूखंड हाती येण्यापूर्वीच हक्काची ‘फाईल’ विकसकाला देऊन टाकली. सुरुवातीच्या टप्प्यावर, गरजेच्या घडीला, पुढच्या वाढीतला आपला हिस्सा स्वस्तात देणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी पनवेल-उरणच्या तरुणाने कोणतेही परदेशी पुस्तक वाचण्याची गरज नाही. त्याने घरात विचारावे. हा अनुभव आपल्या साहित्यात संघर्षाची कथा म्हणून आला आहे. व्यवहाराचे ज्ञान म्हणून तो अद्याप लिहिला गेलेला नाही.

आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याचे कलम वाणिज्य विभागातील सहकाऱ्यांनी आम्हा दोघांना समजावून दिले. १ कोटी रुपयांना २५ टक्के हिस्सा, असा तो प्रस्ताव होता. कंपनी पुढे २ कोटींना विकली गेली, तर साध्या हिशेबाने गुंतवणूकदाराला ५० लाख मिळावेत. परंतु त्या कलमानुसार त्याने प्रथम आपले १ कोटी काढून घ्यावयाचे आणि उरलेल्या १ कोटीतही २५ टक्के, म्हणजे २५ लाख, घ्यावयाचे होते. ७५ टक्क्यांचे मालक असलेल्या तिघा मित्रांना मिळून ७५ लाख उरत होते.

हे सर्व त्याने घरी जाऊन वडिलांना सांगितले. त्यांनी एके काळी आपली फाईल विकलेली आहे. टर्मशीट त्यांना वाचता येत नव्हती, पण त्यांनी एकच विचारले, “कपात हिश्शाच्या आधी की नंतर?” दुसऱ्या बैठकीत मुलाने हाच प्रश्न विचारला. बऱ्याच चर्चेनंतर कलम बदलले : आपले १ कोटी किंवा २५ टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते एकच गुंतवणूकदाराने घ्यावे. त्याच उदाहरणात तिघांचे ७५ लाख आता १ कोटी होतात. त्या बदल्यात संचालक मंडळावर गुंतवणूकदाराचा एक माणूस घेण्यास त्याने संमती दिली. ती द्यावयास हवी होती की नाही, यावर आमच्या स्टाफरूममध्ये अजून एकमत झालेले नाही.